पोट रिकामं असलं की 'नाही' म्हणता येत नाही

मागच्या उन्हाळ्यात एका गटाच्या बैठकीत वाद झाला. एका ताईंनी शेळीसाठी कर्ज घेतलं, पण शेळी काही आलीच नाही. त्या पैशांची ज्वारी आणि तेल आणलं होतं. "गटाला फसवलं," असं सगळ्या म्हणाल्या. मीपण वहीत 'गैरवापर' असा शेरा मारला. नंतर त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं, खरं कारण सांगितलं असतं तर आपण कर्ज दिलंच नसतं.

बघा, घरात दाणा नसला की मुकादमाची उचल घ्यावीच लागते. मग मजुरी किती आणि घरी परत कधी यायचं, हे तोच ठरवतो. आपल्या मर्जीला काही किंमत राहत नाही. खोटं बोलायची वेळही तिथूनच येते. म्हणून कुणाला लबाड म्हणायच्या आधी तिच्या घरातला पिठाचा डबा बघा.

दोन गोष्टी करा. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव लागतं. हा हक्क आहे, उपकार नाही. कार्ड कुणाकडेही गहाण ठेवू नका.

दुसरं, अंतर्गत कर्जात 'घरात धान्य नाही' हे कारण उघडपणे लिहू द्या. त्या गटाने आता तसा ठराव केलाय. माझा तो शेरा मी त्याच बैठकीत खोडला.