थांबलेल्या पेशी आणि उलटं पेप्टाइड

माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात अमर्याद वाढत नाहीत. पन्नासेक वेळा विभागून त्या थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये फिलाडेल्फियात दाखवलं. थांबतात, पण मरत नाहीत. वय वाढतं तशा या 'सेनेसंट' पेशी शरीरात साठत जातात आणि दाह वाढवणारी प्रथिनं शेजारच्या निरोगी पेशींवर सोडत राहतात.

त्या मरत का नाहीत, याचं एक देखणं उत्तर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला सापडलं. बिघडलेल्या पेशीला संपवण्याचा हुकूम पी-५३ हे प्रथिन देऊ शकतं. पण सेनेसंट पेशीत फॉक्सो-४ नावाचं दुसरं प्रथिन त्याला केंद्रकातच धरून ठेवतं. पीटर डी कायझर यांच्या गटाने फॉक्सो-४च्या नेमक्या त्या पकडीची नक्कल करणारं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनवलं. पी-५३ या नकलेला चिकटतं, खरी पकड सुटते, ते केंद्रकाबाहेर पडतं आणि पेशी मरते.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती रसायनाची करामत. साधं पेप्टाइड रक्तात फार टिकत नाही. विकरं त्याचे तुकडे पाडतात. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं 'डावी' असतात. या गटाने त्यांची आरशातली, 'उजवी' रूपं घेतली आणि त्यांचा क्रमही उलटा लावला. दोन्ही उलथापालथी मिळून बाहेरचा आकार जवळपास तोच राहतो. पी-५३ त्याला ओळखतं, पण विकरांना ते कापता येत नाही. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसू नये तसं.

२०१७ मध्ये 'सेल' या नियतकालिकात निष्कर्ष आले: लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांची फर दाट झाली, हालचाल वाढली, मूत्रपिंडाचं काम सुधारलं.

पण हे उंदरांत. शिवाय जखम भरताना याच सेनेसंट पेशी मदतीला येतात, हेही उंदरांतच दिसलं आहे. सरसकट सगळ्या मारणं म्हणूनच धोक्याचं. अशी पेप्टाइडं 'केवळ संशोधनासाठी' असा शिक्का मारून ऑनलाइन विकली जातात आणि लोक ती स्वतःला टोचून घेतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

एलामिप्रेटाइड या दुसऱ्या पेप्टाइडची वाट वेगळी. चार अमिनो आम्लांचं, त्यातलं एक आरशातलं. म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयावर त्याचा चांगला परिणाम दिसला होता. रुग्णांवरच्या चाचण्यांनंतर २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित मान्यता मिळाली, ती बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ जन्मजात आजारासाठी, म्हातारपणासाठी नाही.