कीड सर्वेक्षणातील उपकरणे : नेटवर्क इंटरफेसची नोंद का व कशी करावी?

कीड सर्वेक्षणाचे स्वरूप झपाट्याने बदलत आहे. कामगंध सापळ्यातील पतंग रोज मोजण्याच्या जोडीला आता कॅमेरा बसविलेले सापळे, स्वयंचलित हवामान केंद्रे आणि पानांवरील ओलावा मोजणारे संवेदक शेतात उभे राहू लागले आहेत. या उपकरणांची निरीक्षणे सर्व्हरपर्यंत पोहोचतात ती त्यांच्यातील नेटवर्क इंटरफेसमधून, म्हणजे मोबाइल मोडेम, वाय-फाय किंवा लोरा रेडिओ, अथवा तारेची इथरनेट जोडणी यांमधून. तथापि, बहुतेक जडसंग्रह नोंदवह्यांत ‘हवामान केंद्र, नग १’ एवढीच नोंद आढळते. मालमत्ता व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आले तरी हीच त्रोटक नोंद त्यात उतरविली जाते.

या त्रुटीचा परिणाम थेट पीक संरक्षणाच्या सल्ल्यावर होतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. सर्व्हर मात्र गाव किंवा शेत ओळखत नाही. तो इंटरफेसचा क्रमांक ओळखतो. समजा, दोन सापळे दुरुस्तीसाठी आणले आणि परत लावताना त्यांची अदलाबदल झाली. एका गावातील पतंगांची संख्या दुसऱ्या गावाच्या नावे जमा होईल. एकीकडे अनावश्यक फवारणी होईल आणि दुसरीकडे सल्ला उशिरा पोहोचेल. अळी बोंडात शिरल्यानंतर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. तसेच मोडेम बंद पडल्यामुळे माहिती न येणे आणि सापळ्यात पतंगच नसणे या अगदी भिन्न बाबी आहेत. त्यांतील भेद ओळखण्यासाठीही उपकरणाची पुरेशी नोंद हाताशी हवी.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना यातील तत्त्व परिचित आहे. प्रजातीचे वर्णन एकदाच लिहिले जाते. परंतु संग्रहातील प्रत्येक नमुन्यास स्थळ, दिनांक आणि संकलक यांची स्वतंत्र चिठ्ठी लागते. चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही सुस्थितीत असला तरी अभ्यासासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. सॉफ्टवेअरमध्येही असेच दोन स्तर ठेवावेत. पहिला स्तर मॉडेलचा : उत्पादक, इंटरफेसचा प्रकार, वेग, वारंवारता पट्टा. दुसरा स्तर प्रत्यक्ष नगाचा : त्याचा ओळख क्रमांक, बसविल्याचे स्थळ आणि दिनांक.

मॉडेलच्या स्तरावरील तपशील खरेदी व दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडतो. केवळ २-जी चालणारा मोडेम, ज्या कंपनीचे २-जी नेटवर्कच नाही तिच्या सिमकार्डवर चालणार नाही. लोरा रेडिओसाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा आहे. अमेरिकेसाठी बनविलेला ९१५ मेगाहर्ट्झचा नग बाहेरून तसाच दिसत असला तरी येथे वापरता येत नाही. अनेक स्वस्त संवेदकांचे वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते; राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवल्यास ते जोडलेच जात नाहीत.

नगाच्या स्तरावर पुढील क्रमांक नोंदवावेत.

१. मॅक ॲड्रेस : वाय-फाय व इथरनेटसाठी. हा १२ चिन्हांचा असतो. त्यांत ० ते ९ अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरेच येतात. नोंदीत ‘ओ’ दिसल्यास ते शून्याऐवजी चुकून लिहिलेले अक्षर होय. एका संगणकात दोन इंटरफेस असल्यास दोन्हींचे ॲड्रेस वेगवेगळे असतात, दोन्ही लिहावेत.

२. आयएमईआय : मोबाइल मोडेमसाठी, १५ अंकी. शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून काढलेला असल्याने एखादा अंक चुकल्यास सॉफ्टवेअर ते पकडू शकते. मॅक ॲड्रेसला अशी सोय नाही. म्हणून तो हाताने टंकित न करता शक्यतो बारकोड स्कॅन करून घ्यावा.

३. सिमकार्डचा क्रमांक : हा १९ ते २० अंकी असतो. स्प्रेडशीटमध्ये तो संख्या म्हणून भरल्यास पहिल्या १५ अंकांनंतरचे अंक शून्य होतात. त्यामुळे तो रकाना आधीच ‘मजकूर’ स्वरूपाचा करावा.

४. डेव्ह-ईयूआय : लोरावॅन उपकरणांसाठी, १६ चिन्हांचा.

सर्वेक्षकांच्या टॅब्लेटबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. अँड्रॉइड १० पासून वाय-फायसाठी मूळ मॅक ॲड्रेसऐवजी यादृच्छिक ॲड्रेस वापरण्याची पद्धत सामान्यतः चालू असते. त्यामुळे नेटवर्कच्या यादीत दिसणारा ॲड्रेस न लिहिता उपकरणाचा मूळ ॲड्रेस नोंदवावा. आयपी ॲड्रेस बदलत असल्याने तो उपकरणाची ओळख म्हणून वापरू नये. लोरावॅनच्या गुप्त किल्ल्या आणि पासवर्ड सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीत कदापि लिहू नयेत.

सर्वाधिक गोंधळ सुटा भाग बदलताना होतो. मोडेम नवा बसविला की मालमत्ता क्रमांक तोच राहतो, पण इंटरफेसचा क्रमांक बदलतो. अशा वेळी जुना क्रमांक खोडू नये. त्यापुढे काढल्याचा दिनांक लिहून नव्या क्रमांकाची स्वतंत्र नोंद करावी. असे केले तरच मागील हंगामातील निरीक्षणे कोणत्या शेतातील होती हे पुढेही निश्चित सांगता येईल. जीएलपीआय किंवा स्नाइप-आयटी यांसारख्या मुक्तस्रोत प्रणालींत या नोंदी ठेवता येतात. शेतकरी उत्पादक कंपनीकडे चार-पाचच उपकरणे असतील, तर नीट आखलेली एक स्प्रेडशीटही पुरेशी ठरते.

हंगामापूर्वी प्रत्येक उपकरणापाशी जाऊन त्यावरील चिठ्ठी, सॉफ्टवेअरमधील नोंद आणि सर्व्हरवर दिसणारा क्रमांक हे तिन्ही ताडून पाहावेत. त्यानंतर सापळा क्षणभर झाकून किंवा संवेदकास हात लावून, सर्व्हरवर त्याच स्थळाचे निरीक्षण बदलते का, याची खात्री करावी. ही पडताळणी झालेल्या उपकरणांच्याच निरीक्षणांवर शेतकऱ्यांना द्यावयाचा सल्ला आधारावा.