उतरत्या विमानाचे गणित

विमान धावपट्टीकडे येऊ लागले, म्हणजे ते एखाद्या अदृश्य घसरगुंडीवरून अलगद खाली येत आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. ही घसरगुंडी फार सौम्य असते. जमिनीशी तिचा कोन बहुधा अवघा तीन अंशांचा असतो. मग दर मिनिटाला किती फूट खाली यावयाचे, हे वैमानिक कसे बरे ठरवितो?

तीन अंशांच्या उतारावरून विमान एक सागरी मैल पुढे गेले, की सुमारे ३१८ फूट खाली येते. तासाला एक सागरी मैल या वेगास 'नॉट' म्हणतात. वेग १२० नॉट असला, तर विमान मिनिटाला दोन मैल कापते. अर्थात सहाशेहून थोडे अधिक फूट उतरते. यावरूनच वैमानिकांनी एक सोपी युक्ती काढली आहे : वेगाची निमपट करावी व तिच्यापुढे एक शून्य मांडावे. १२० चे निम्मे ६०, म्हणून ६०० फूट. वेग १४० नॉट असेल, तर किती? उत्तर तुम्हीच काढा. मात्र हा वेग जमिनीवरून मोजलेला हवा. समोरून वारा वाहत असेल, तर तो कमी होतो आणि उतरणेही तितकेच मंद ठेवावे लागते.

हे गणित अगदी नेमके नव्हे. पण ढोबळ गणितालाही मोल असते. २० जानेवारी १९९२ च्या रात्री फ्रान्समध्ये एक विमान लियोंहून स्ट्रासबुर्गला चालले होते. उताराचा कोन ३.३ अंश ठेवावयाचा होता. त्या विमानात कोन आणि मिनिटाचे फूट ही दोन्ही मापे एकाच खटक्याने ठरवीत. कोणते माप चालू आहे, हे दुसऱ्या एका कळीवर अवलंबून असे. कोनासाठी '३.३' आणि ३३०० फुटांसाठी केवळ '३३' असे अंक उमटत. येथेच घोटाळा झाला असावा, असे चौकशीत दिसून आले. विमान मिनिटाला ३३०० फूट या गतीने उतरत डोंगरावर आदळले. त्यातील ९६ जणांपैकी ८७ जण मरण पावले.

वेग २०० नॉट धरला, तरी ३.३ अंशांच्या उतारावर हा आकडा बाराशेच्या आतच राहतो. ३३०० म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट! पुढे त्या जातीच्या विमानांत फुटांचे चारही अंक पूर्ण दाखविण्याची व्यवस्था करण्यात आली.