सुट्टीतला वजीफा

वार्षिक परीक्षा संपली की शाळेला सुट्टी लागते. त्या सुट्टीत तुम्ही काय करता? वर्गात हा प्रश्न विचारला की पहिली उत्तरे ठरलेली असतात. कोणी मामूंच्या गावी जातो, कोणी दिवसभर क्रिकेट खेळतो. मग हळूहळू दुसरी उत्तरे येऊ लागतात. कोणी बेकरीत काम केलेले असते, कोणी गॅरेजमध्ये पंक्चर काढलेले असते, कोणी चाचांच्या हातगाडीवर आंबे विकलेले असतात. काही मुली घरी बसून ओढण्यांना टिकल्या लावतात. या कमाईतूनच अनेकांच्या पुढच्या वर्षाच्या वह्या आणि गणवेश येतात. म्हणून सुट्टीत काय शिकलास, असे विचारण्यापूर्वी सुट्टीत शिकणे कोणाला परवडते, हेही विचारले पाहिजे.

आज आपण एका वेगळ्या सुट्टीची माहिती घेऊ. या सुट्टीत महाविद्यालयातील विद्यार्थी नदी, जंगल, माती किंवा पक्षी यांचा अभ्यास करतात आणि त्या कामासाठी त्यांना दरमहा ठरावीक रक्कम मिळते. इंग्रजीत तिला समर फेलोशिप म्हणतात. मराठीत अभ्यासवृत्ती म्हणता येईल. तुम्ही घरी बोलताना वजीफाच म्हणाल आणि त्यात काही चूक नाही. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. शिष्यवृत्ती बहुतेक वेळा मागच्या परीक्षेतील गुणांवर मिळते. फेलोशिप पुढे करावयाच्या कामासाठी मिळते. फेलो या शब्दाचा एक अर्थ साथी असा आहे. दोन महिने तो विद्यार्थी एखाद्या शास्त्रज्ञाचा कामातला साथी होतो.

तुम्ही म्हणाल, नदीकाठी बसण्याचे पैसे कोण देईल? यासाठी थोडा मागचा इतिहास पाहू.

१९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले. लाखो तरुण बेकार झाले. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अशा तरुणांचे एक दल उभे केले. त्याचे नाव सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. या दलातील तरुण जंगलात तंबू ठोकून राहत, झाडे लावत, वणवे विझवत, पायवाटा बांधत. जेवण, कपडे आणि निवारा सरकारचा. शिवाय महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतले सुमारे २५ डॉलर थेट त्यांच्या घरी पाठवले जात. म्हणजे मुलगा जंगलात झाडे लावत असे आणि इकडे घरात चूल पेटत असे. १९४२ पर्यंत या दलाने सुमारे ३०० कोटी झाडे लावली. मात्र यात मुलींना प्रवेश नव्हता.

दुसरे महायुद्ध संपल्यावर परिस्थिती बदलली. लोकांच्या हातात पैसा आला, घरोघरी मोटारी आल्या आणि राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांची गर्दी उसळली. उद्याने सांभाळण्यासाठी ना पुरेसा पैसा होता, ना माणसे. १९५३ साली बर्नार्ड डीव्होटो या लेखकाने एका मासिकात लेख लिहिला आणि उद्याने नीट सांभाळता येत नसतील तर ती बंदच करा, अशी मागणी केली. तो लेख एलिझाबेथ कुशमन नावाच्या मुलीच्या वाचनात आला. ती न्यूयॉर्क राज्यातील व्हासार महाविद्यालयात शिकत होती. पदवीसाठी तिला एक प्रबंध लिहायचा होता. १९५५ साली तिने त्या प्रबंधात एक योजना मांडली : जुन्या दलासारखेच एक दल पुन्हा काढावे, पण ते विद्यार्थ्यांचे असावे आणि त्यांनी सुट्टीत उद्यानांत जाऊन काम करावे.

असे प्रबंध दरवर्षी शेकड्यांनी लिहिले जातात आणि कपाटात जाऊन पडतात. कुशमनने तसे होऊ दिले नाही. एका वर्गमैत्रिणीला बरोबर घेऊन ती उद्यानांच्या अधिकाऱ्यांना भेटली. १९५७ च्या उन्हाळ्यात ५३ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी ऑलिंपिक आणि ग्रँड टेटन या दोन राष्ट्रीय उद्यानांत कामाला लागली. त्यातूनच पुढे स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था उभी राहिली. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या कार्यासाठी एलिझाबेथ यांना नागरिक पदक दिले.

हे विद्यार्थी उद्यानात कोणती कामे करतात? एकच उदाहरण घेऊ. डोंगरावरची पायवाट हजारो पावलांनी खोलगट होते. पाऊस पडला की पाणी याच खोलगट भागातून धावते आणि माती घेऊन जाते. पुढच्या वर्षी वाटेचा ओढा झालेला असतो. मग लोक त्या ओढ्याच्या कडेने चालू लागतात, गवत तुडवले जाते आणि दुसरी वाट पडते. यावर उपाय अगदी साधा आहे. वाटेवर ठरावीक अंतराने लाकडाचा ओंडका किंवा दगडांची ओळ तिरकी पुरायची. पाणी तिला अडते आणि वाट सोडून बाजूच्या गवतात वळते. ओळ अगदी आडवी पुरली तर पाणी मागे साचते आणि वरून वाहून जाते. ती फार उभी पुरली तर पाणी वळतच नाही. किती तिरकी पुरायची हे पुस्तक वाचून पुरते कळत नाही. कुदळ हातात घेतल्यावरच ते कळते.

मात्र अशी कामे पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवक म्हणून, म्हणजे बिनपगारी करावी लागतात. ज्याला सुट्टीत कमाई करून घर चालवायचे आहे, तो तिथे जाऊ शकत नाही. हुशार असूनही तो मागे राहतो आणि उद्या जंगल-नद्यांचे निर्णय घेणाऱ्यांत त्याच्या घरचे कोणीच नसते. माझ्या मते वजीफ्याची खरी गरज इथे आहे. त्या रकमेने कोणी श्रीमंत होत नाही. तिने दोन महिन्यांची मोकळीक मिळते.

पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून १९३० साली मुंबईला परतले. पण संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. हाताला काम नाही, म्हणून ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो. मग माद्या येऊन ते तपासतात. एखादीला ते पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो. या निरीक्षणांनी त्यांचे मोठे नाव झाले. पण त्या महिन्यांचा वजीफा त्यांना कोणी दिलेला नव्हता. नोकरी गेल्यावर पक्षी पाहत बसणे प्रत्येकाला जमेल, असे आपण कसे म्हणावे?

आता आपल्या देशातील सोय पाहू. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. पदवी वर्गात शिकणाऱ्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तिच्यासाठी अर्ज करता येतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पृथ्वीविज्ञान अशा विषयांतून तिथे पर्यावरणाचा अभ्यास करता येतो. निवड झालेला विद्यार्थी साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. त्याला दरमहा रक्कम मिळते, जाण्यायेण्याचे भाडे मिळते आणि शेवटी त्याला कामाचा अहवाल द्यावा लागतो.

अर्ज, शिफारस, मुदत, मंजुरी, रक्कम. यांतला एकही शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतून मराठीत येताना हे शब्द तुमच्याबरोबरच आले आहेत! त्यांतला मुदत हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. काम उन्हाळ्यात असले तरी अर्ज आदल्या वर्षी, पावसाळा सरल्यावर मागवले जातात. एप्रिलमध्ये जागा झालेल्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. अर्जाबरोबर सुमारे २५० शब्दांत आपल्याला काय करायचे आहे ते लिहावे लागते. मला निसर्ग फार आवडतो, असे लिहून भागत नाही. निसर्ग कोणाला आवडत नाही? आपला प्रश्न कोणता, तो लिहावा लागतो. शिवाय आपल्याला ओळखणाऱ्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. जो विद्यार्थी प्रयोगशाळेत कधी थांबलाच नाही, त्याच्याबद्दल प्राध्यापक तरी काय लिहिणार?

प्रश्न म्हणजे कसा प्रश्न? मालेगावातून मोसम नदी वाहते, भिवंडीतून कामवारी, छत्रपती संभाजीनगरातून खाम. तुमच्याही गावात एखादी नदी किंवा ओढा असेल. समजा, एका विद्यार्थिनीने प्रश्न घेतला : उन्हाळ्यात आमच्या नदीच्या पाण्यात माशांपुरता ऑक्सिजन असतो का?

अमेरिकेचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. बर्फ वितळून डोंगरवाटा मोकळ्या होण्याचा तो काळ. आपल्याकडे मे महिन्यात नद्या आटलेल्या असतात. पण या अभ्यासाला तोच काळ योग्य आहे. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला सुमारे साडेसात. त्यात सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे सूक्ष्मजीव उरलेला ऑक्सिजनही वापरून टाकतात. पाणीच थोडे असल्यामुळे हे सारे लवकर घडते. ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे गुदमरतात.

तो मोजण्याची एक जुनी रीत आहे. काचेची बाटली पाण्याखाली धरून हळूच भरायची आणि आत एकही बुडबुडा न ठेवता बूच लावायचे. लगेच, तिथेच नदीकाठी, तिच्यात मँगनीज सल्फेटचे द्रावण आणि मग आयोडाइड घातलेले अल्कलीचे द्रावण टाकायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. साका पांढराच राहिला तर समजावे की पाण्यात ऑक्सिजन उरलेला नाही. पुढे आम्ल घातले की आयोडीन मोकळे होऊन पाणी पिवळे होते. जितका ऑक्सिजन, तितके आयोडीन. मग स्टार्च टाकून ते निळे करायचे आणि तो निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. किती द्रावण लागले त्यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढता येते. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग तुम्ही शाळेत बटाट्यावर पाहिलेलाच आहे. तोच इथे कामाला येतो.

आता पाहा. ही विद्यार्थिनी रोज दुपारी बारा वाजता नदीवर गेली. आकडे चांगले आले. तिला वाटले, नदी ठीक आहे. तिच्या मार्गदर्शकांनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला : पहाटे कधी गेली होतीस? दिवसा पाण्यातील शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार करते. रात्री ते बंद होते, पण शेवाळ, मासे आणि सूक्ष्मजीव यांचा श्वास चालूच राहतो. म्हणून ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे. दुपारी ठीक दिसणाऱ्या नदीत मासे पहाटे मरू शकतात. दोन आठवड्यांचे दुपारचे आकडे खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. उस्ताद लागतो तो यासाठी. उत्तर त्याने दिले नाही, वेळ बदलायला सांगितली.

मग ती अब्बांना बरोबर घेऊन फजरच्या नमाजानंतर नदीवर जाऊ लागली. पूल, बाजाराजवळचा नाला, गावाबाहेरचा डोह, अशा तीन जागी ती रोज बाटल्या भरी. प्रत्येक जागी तीन बाटल्या, कारण एका बाटलीवर भरवसा ठेवता येत नाही. जूनच्या पहिल्या पावसाने नाल्यातील साचलेली घाण नदीत आली तेव्हा तिने मोजणी थांबवली नाही, उलट दिवसातून दोनदा केली. शेवटी अहवाल लिहिताना तिने तीन जागांचे तक्ते मांडले आणि शेवटच्या पानावर आणखी एक यादी जोडली : कोणत्या दिवशी बाटलीत बुडबुडा राहिला, कोणत्या दिवशी रसायन संपले, कोणत्या दिवशी ती तापाने झोपून होती आणि म्हणून कोणते आकडे तिने धरलेले नाहीत. मार्गदर्शकांनी सही करण्यापूर्वी सर्वांत आधी ते पान वाचले.