‘मी नोकरी सोडली’ की ‘माझी नोकरी सुटली’? बाई आणि पुरुष स्वतःची गोष्ट वेगळी का सांगतात

ऐरोलीतल्या एखाद्या सोसायटीत साठी ओलांडलेल्या जोडप्याला विचारून बघा, “तुमच्या आयुष्यात काय काय घडलं?”

काका बहुतेक वेळा सालं सांगतील. गावाहून कधी आलो, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्या कंपनीत लागलो, घर कधी घेतलं. काकू म्हणतील, “माझं काय सांगायचं? लग्न झालं, मुलं झाली, यांची नोकरी इकडे होती म्हणून इकडे आलो.”

आता क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘घेतलं’, ‘केलं’, ‘सोडली’ असं म्हटलं की करणारा माणूस दिसतो. ‘झालं’, ‘सुटली’, ‘राहून गेलं’ म्हटलं की गोष्टी आपोआप घडल्यासारख्या वाटतात. मूल लहान होतं म्हणून बाईने विचार करून नोकरी सोडलेली असते, पण सांगताना ती ‘नोकरी सुटली’ म्हणते. निर्णय तिचा असतो, वाक्यात मात्र ती नसते.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. जिल केर कॉनवे या इतिहासकार बाईंनी १९९८ च्या एका पुस्तकात पाश्चात्त्य आत्मचरित्रांबद्दल हेच लिहिलं. पुरुषांच्या आत्मचरित्राचा साचा वीरकथेचा असतो : संकट आलं, झुंज दिली, जिंकलो. कर्तबगार स्त्रिया मात्र स्वतःची महत्त्वाकांक्षा झाकतात. अमेरिकेतल्या समाजसेविका जेन ॲडम्स यांचं उदाहरण त्या देतात. ॲडम्स यांना पुढे नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्यांच्या पत्रांत ठामपणे निर्णय घेणारी बाई दिसते, आत्मचरित्रात मात्र सगळं जणू त्यांच्यापर्यंत चालत आलेलं असतं.

मराठीत याची उदाहरणं आहेत?

भरपूर. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. शीर्षकात ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ आहे. पुस्तक न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०१ मधल्या मृत्यूपाशी थांबतं. रमाबाई मात्र १९२४ पर्यंत होत्या आणि १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाचं काम त्यांनी उभं केलं. त्यांच्या कर्तृत्वाचा हा मोठा काळ त्यांच्याच आठवणींबाहेर राहिला.

एकाच घरातल्या दोन आत्मकथाही आपल्याकडे आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ चं, तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ १९४४ चं. ‘वृत्त’ म्हणजे नोंद घ्यावी असा वृत्तांत. ‘पुराण’ हा शब्द आपण घरात कसा वापरतो? “आता तुझं पुराण पुरे!” बायांनी स्वतःच आधी थट्टा करून घेतली आणि मग घर, पैशांची ओढाताण, विधवा म्हणून काढलेले दिवस असं सगळं सांगितलं. महर्षींची संस्था उभी राहत होती तेव्हा घर कसं चाललं होतं, हे या ‘पुराणा’मुळे कळतं.

आणखी एक गोष्ट. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर, बाया कर्वे माहेरच्या गोदूबाई जोशी आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. तिघींचं लग्नात आडनाव बदललं, पहिलं नावही बदललं. गोष्ट ‘मी’ पासून सुरू करायची, पण ‘मी’चं नावच मध्ये बदलतं.

जात आली की काय होतं?

साचा आणखी घट्ट होतो. ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये नवी मुंबई महापालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं स्मारक उभारलंय. तिथे ग्रंथालयही आहे. बाबासाहेबांच्या चळवळीतूनच मराठीत दलित आत्मकथनांची लाट आली. त्यातल्या बायकांना दोन ओझी होती : समाजाचं दुःख सांगायचं आणि घरातलं झाकायचं.

फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवता चालवता लिहायच्या. नवऱ्याच्या भीतीने त्यांनी हे लिखाण सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं. १९८६ साली ते ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आलं. इथेही ‘आमुचं’च. नवऱ्याने केलेल्या मारहाणीबद्दल त्या नंतर मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात त्यांनी समाजाची व्यथा पुढे ठेवली होती. २००३ साली उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ आलं. त्यात शिक्षण, संघटना आणि संसार यांत नवऱ्याशी झालेली ओढाताणही उघडपणे आली.

मग पुरुषांचं सोपं असतं का?

त्यांनाही किंमत मोजावी लागते. वीरकथेत भीती, रडणं, हरणं यांना जागा नसते. नोकरी गेली तर ‘कंपनी बंद पडली’ एवढंच सांगायचं, त्या रात्री काय वाटलं ते नाही. दया पवार यांनी १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये हा साचा मोडला. स्वतःचा संशयीपणा आणि दुबळेपणाही त्यांनी लपवला नाही. पण त्यासाठी त्यांनी स्वतःचे दोन भाग केले : दगडू पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो.

याने आपल्याला काय फरक पडतो?

सांगितलं जातं तेच पुढे नोंदलं जातं. बायोडेटात घर सांभाळण्याची दहा वर्षं ‘गॅप’ म्हणून दिसतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आईचं नाव बंधनकारक झालं. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांच्या कागदांवर आई दिसतच नाही.

ऐरोलीचंच बघा. १९७० नंतर नवी मुंबईसाठी इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी संपादित झाल्या. ही गोष्ट सहसा सातबारा, मोबदला, आंदोलन आणि साडेबारा टक्के भूखंड अशी सांगितली जाते. ती खरी आहे आणि महत्त्वाचीही. पण भातशेती आणि खाडीतली मासळी गेल्यावर चूल कशी चालली, हे त्या कागदांत मिळत नाही. ते ज्यांना माहीत आहे, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

त्यामुळे घरच्यांची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल, तर प्रश्न थोडे बदला. आजीला “काय काय झालं?” ऐवजी “तू काय ठरवलंस? कुणी अडवलं? तेव्हा घर कशावर चाललं?” असं विचारा. आजोबांना “काय कमावलं?” विचारून झालं की “भीती कधी वाटली होती?” हेही विचारा. “माझं काय सांगायचं?” असं उत्तर आलं तर फोन लगेच बंद करू नका, थोडं थांबा. पुढचं वाक्य बहुतेक वेळा त्यानंतरच येतं.