सात मिनिटं

सकाळचे सव्वासात वाजले होते आणि त्या हॉलमध्ये वीसेक मोठी माणसं हात पाठीमागे बांधून उभी होती. प्रत्येकासमोर टेबलावर तिरका ठेवलेला बोर्ड, त्यावर चिकटपट्टीनं बसवलेला कागद आणि कागदावर नुकतंच सोडलेलं निळं पाणी. त्यात एक पांढऱ्या टोपीतले आजोबा होते, रात्रपाळी करून आलेली गणवेशातली नर्स होती, कोपऱ्यात एक पंचविशीतला मुलगा होता. सगळे कागदाकडे टक लावून बघत होते. खिडकीतून हे बघितलं आणि माझं त्या सकाळचं फिरणं तिथेच संपलं.

कोल्हापुरात उन्हाळी शिबिरांना तोटा नाही. एप्रिल लागला की पोहणं, तलवारबाजी, संस्कृत, मातीकाम, सगळ्याचे फलक लागतात. पण ती सगळी मुलांसाठी. ह्या कलादालनातही दहा वाजता मुलांची तुकडी येते आणि मग तिथे उभं राहायला जागा नसते. त्याआधीचे तीन तास मोठ्यांचे. दारावरच्या कागदावर एवढंच लिहिलेलं : ‘जलरंग. निसर्गचित्रण. वय २५ च्या पुढे. आधी शिकलेलं नसलं तरी चालेल.’ मी आत जाऊन सरांना विचारलं, रोज येऊन बसू का? ते म्हणाले, “बसू नका. उभ्या राहा. आणि रंगवायचं नसेल तर मध्ये बोलू नका.”

सर निवृत्त कलाशिक्षक. एटीडी करून तालुक्याच्या गावातल्या शाळेत लागले ते तिथूनच निवृत्त झाले. वर्षानुवर्षं मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली. चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना दिला जातो तेव्हा काय वाटतं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. आवाज खणखणीत आहे. तो हॉलभर फिरतो आणि त्यात एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो.

“आत्ता तुमच्याजवळ सात मिनिटं आहेत. दहा वाजता तीनच असतील. ह्या सात मिनिटांत काम कागद करतोय, तुम्ही नाही. ब्रश खाली. हात मागं.”

हे हात मागं घेणं म्हणजे शिस्तीची हौस नव्हे. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाण्यात ही पूड तरंगत हिंडते, कागदाच्या खळग्यांत उतरते. पाणी उडून गेलं की डिंक तिला जागेवर धरून ठेवतो. कागदावर ओली चमक आहे तोवर रंग चालतो आहे. चमक गेली, पण बोटाची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो, तो काळ सगळ्यात धोक्याचा. त्या वेळी जास्त पाण्याचा ब्रश लावला की नवं पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला दातेरी डाग उमटवून थांबतं. सर त्याला फुलकोबी म्हणतात. पहिल्या आठवड्यात हॉलभर फुलकोबीच होती. आभाळाच्या एका कोपऱ्यात रंग जरा जास्त उतरला, की माणूस तो सारखा करायला जातो. लहान मुलं सहसा जात नाहीत. ती पुढे जातात, खाली बैल काढतात. मोठ्यांना चुकलेलं बघवत नाही. मे महिन्यात कोरडा वारा आणि चढतं ऊन असं की चमक बघता बघता उडते. म्हणून वर्ग सातला, म्हणून पंखे बंद, म्हणून कागद मागूनही भिजवून घ्यायचा. बाकीची तयारी – पेन्सिलीची पुसट रेघ, दोन डबे पाणी, एक जुनं सुती फडकं – पाच मिनिटांत उरकते.

कागदाबद्दल मात्र सर अडून बसतात. पहिल्या दिवशी बहुतेकांनी साधा ड्रॉइंग पेपर आणला होता. पाणी पडताच तो फुगला, त्याच्या लाटा झाल्या आणि सगळा रंग खळग्यांत जाऊन साचला. रंग कुठलेही चालतील, शाळेपासून घरात पडलेला कॅमलचा डबाही चालेल, पण कागद सुती हवा, ३०० जीएसएमचा हवा, हे त्यांनी निक्षून सांगितलं. महाग पडतो. मग सगळ्यांनी मिळून २२ बाय ३० इंचांची मोठी शीटं घेतली आणि एकेकाचे चार तुकडे केले. दहा-बारा जण गुडघ्यांवर बसून पट्टीनं कागद मापताहेत, तिथेच पहिल्यांदा एकमेकांची गावं आणि कामं विचारली गेली. काळ्या रंगाच्या ट्यूबा सरांनी गोळा करून कपाटात टाकल्या. काळा हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, म्हणाले. मी ते मिश्रण पसरताना बघितलं. निळा वेगळा दाणेदार बसतो, तपकिरी त्याच्या आजूबाजूनं पसरतो आणि तो करडा आपल्या इथल्या घाटांच्या दगडासारखा जिवंत दिसतो. ट्यूबमधल्या काळ्याला तसा जीव नसतो. हे एकदा दिसलं की भिंती, रस्ते, डांबरसुद्धा वेगळं दिसायला लागतं.

पण मी रोज जात राहिले ते गुजरीतल्या काकांमुळे.

गुजरी ही कोल्हापूरची सराफांची पेठ. काकांचं आयुष्य तिथे साज घडवण्यात गेलं. कोल्हापुरी साजाला २१ पानं असतात असं सांगतात. त्यातलं एकेक पान नखाएवढं आणि त्यावरचं काम त्याहून बारीक. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मुलाच्या हाती काम सोपवलेलं. पण हात अजून तसाच. त्यांची पेन्सिलीची रेघ मी बघितली, कुठेही थरथर नाही, देवळाच्या शिखराचा एकेक थर मोजून घेतलेला. सगळा वर्ग त्यांच्या टेबलाशी गोळा व्हायचा. आणि मग पाणी लावायची वेळ आली की तोच हात त्यांना आडवा यायचा. आभाळ ते कडेपासून कडेपर्यंत भरत, मीनाकाम भरावं इतक्या काळजीनं, एकही जागा न सोडता. वाळल्यावर त्यात हवा नसायची. ते स्वतःच बोर्ड लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, “बसलं न्हाई.”

सर “हात मागं” म्हणाले की काका हात मागे घ्यायचे. मी त्यांच्या मागच्या रांगेत उभी असायची. पाठीमागे बांधलेल्या हातांतला उजवा अंगठा तर्जनीवर सतत फिरत असायचा. तार वळतानाची ती हालचाल. सातही मिनिटं. डोळे कागदावर, तोंड शांत आणि मागे तो अंगठा चाललेला. पन्नासेक वर्षं ज्या हातानं घर चालवलं त्याला स्वस्थ राहा म्हणणं किती मोठी मागणी आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं. ह्या वर्गाला वेळ घालवायचं साधन म्हणणाऱ्यांनी तो अंगठा बघायला हवा होता.

जिला हे पहिल्याच सकाळी जमलं ती खानावळ चालवणारी एक ताई. चमक कधी गेली, हे तिनं सरांच्या आधी ओळखलं. सरांनी विचारलं तर म्हणाली, “आंबोळीवरची ओल गेल्याबिगर उलथनं लावत न्हाई आपण. तसंच की हे.” सरांनी ते फळ्यावर लिहिलं. त्यानंतर वर्गात कोणी घाई केली की बाकीचेच ओरडायचे, “आंबोळी!”

शहरात आता चित्रांचे दुसरेही कार्यक्रम होतात. कॅफेत बसायचं, छापलेल्या बाह्यरेषेत अ‍ॅक्रिलिक भरायचं, दोन तासांनी चित्र घेऊन घरी जायचं. लोक आनंदानं जातात आणि त्या आनंदाला माझी हरकत नाही. पण तिथे बघायला कोणी शिकवत नाही, आणि माझ्या मते मोठ्या माणसांना चित्रकला शिकवायची असेल तर शिकवण्याजोगी मुख्य गोष्ट तीच आहे. इथे कोणी ताणमुक्तीचं नाव काढत नाही. लोक घामाघूम होतात, वैतागतात. एका गृहस्थांनी ओला कागद बोर्डावरून ओरबाडून काढला आणि चुरगाळून पाण्याच्या बादलीत टाकला. सर काही बोलले नाहीत. चहाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना आबालाल रहमान यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले, शाहू महाराजांच्या दरबारी असलेले हे चित्रकार. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ त्यांनी वर्षानुवर्षं रंगवला. १९३१ मध्ये ते वारले. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं तळ्यात बुडवली असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि आकडा सांगतात २० हजारांचा. “आकडा खरा असो नाहीतर वाढवलेला,” सर म्हणाले, “पण एवढी चित्रं एका माणसानं काढली असतील यावर ह्या गावाचा विश्वास बसतो, म्हणजे त्याला रोज काढताना लोकांनी बघितलेलं असणार. तुमचं आज तिसरं चित्र आहे.” ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन हजर होते.

ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवले आणि कॅमेराही घडवला, त्या शहरात रंगांचं कौतुक घरोघरी आहे. तरी इथलाही माणूस दहावीनंतर ब्रश खाली ठेवतो तो ठेवतोच. नर्सनं मला सांगितलं, इंटरमिजिएटला तिला ए ग्रेड होती. त्यानंतर थेट ह्या एप्रिलमध्ये.

शेवटच्या आठवड्यात वर्ग पंचगंगेच्या घाटावर गेला. पाणी उतरलेलं, काठची छोटी देवळं पायथ्यापर्यंत उघडी, एका बाजूला म्हशी धुणं चाललेलं, दुसरीकडे कपड्यांचे आवाज. सरांनी सावल्या आधी मांडायला लावल्या, कारण नऊनंतर त्या आखडतात आणि दगड सपाट दिसायला लागतात. उघड्यावर सात मिनिटंही मिळाली नाहीत. वारा आला की कागद डोळ्यांदेखत वाळायचा. कुणाचंच आभाळ धड आलं नाही. आजूबाजूला बघणारे जमले होते. एका म्हशीवाल्यानं आपल्या म्हशीचं शिंग चुकलंय म्हणून ताईंना दोनदा खोडायला लावलं आणि त्याचं बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी वळीव झाला. रात्रभर गारवा राहिला आणि दुसऱ्या सकाळी हॉलमध्ये हवा दमट, भिंती ओलसर. कागदावर पाणी सोडलं तर ते जाईचना. सात झाली, दहा झाली. सवयीनं सगळ्यांनी ब्रश उचलले आणि सर ओरडले, “घड्याळ बघू नका. कागद बघा!” इतके दिवस ज्या आकड्यावर वर्ग उभा होता तो त्यांनी स्वतःच काढून घेतला. मला वाटतं, त्यांना पहिल्यापासून हेच शिकवायचं होतं. सात मिनिटांचा आधार हात थांबवण्यापुरता होता.

काकांच्या ब्रशमधून त्या दिवशी ओल्या आभाळात एक थेंब पडला. थेंबाभोवती रंग हळूहळू सरकला आणि शिखराच्या डावीकडे फिकट, वेडावाकडा ढग तयार झाला. एरवी त्यांनी टिपून घेतला असता. फडकं हातात होतं. ते तसेच बघत राहिले, मग फडकं खांद्यावर टाकलं. सर शेजारी येऊन उभे राहिले तर काका म्हणाले, “हे माझ्या हातचं न्हवं. पर ऱ्हाऊ दे.” अंगठ्याकडे बघायचं माझ्या त्या वेळी लक्षातच आलं नाही. मी ढग बघत होते.

शेवटी हॉलच्याच भिंतींवर दोन दिवस चित्रं लावली. घरची माणसं आली, भावाबहिणींनी फोटो काढले. काकांचा मुलगा दुकान बंद करून आला होता. तो चित्रासमोर बराच वेळ उभा होता आणि शिखराचे थर मोजत होता. नर्सनं चार चित्रांतलं एकच लावलं. सरांनी कुणालाही क्रमांक दिला नाही, प्रमाणपत्र दिलं नाही. त्यावरून थोडी कुरबूर झाली.

आता प्रश्न जागेचा आहे. पावसाळ्यात, कागद वीस-वीस मिनिटं ओला राहतो तेव्हा, ओल्यावर ओलं रंगवणं शिकवायला सरांना खरा वाव मिळेल. हॉलचं भाडं मात्र उन्हाळ्याच्या सवलतीपुरतंच परवडलं. जूननंतर तो समारंभांना जातो. शहरात सकाळच्या वेळी रिकाम्या असणाऱ्या शाळा आहेत, वाचनालयांचे वरचे मजले आहेत. मुलांना मैदान लागतं तशी मोठ्यांना अशी एखादी खोली लागते, आणि ती देणं नगराचं काम आहे, उपकार नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. सरांनी दोन ठिकाणी अर्ज दिले आहेत. जुलैच्या वर्गासाठी ११ जणांनी नावं दिली आहेत. यादीत पहिलं नाव काकांचं आहे, दुसरं ताईंचं. खोली अजून मिळालेली नाही.