शिकागोचा कोतवाल आणि आयर्लंडची गाणी



पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगत बेकर नावाचे एक उजाड बेट आहे. तेथे गोड्या पाण्याचा झरा नाही की सावलीला झाड नाही; समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत मात्र अमाप, आणि एकोणिसाव्या शतकात त्या खतासाठीच जहाजे तिकडे फिरकत. १८६७ च्या सुमारास ‘मिनेहाहा’ नावाचे अमेरिकन जहाज या बेटावर फुटले. खलाशी कसेबसे किनाऱ्याला लागले. काही दिवसांनी ‘झोई’ नावाच्या गलबताने त्यांना उचलले आणि होनोलुलूकडे चौतीस दिवसांचा प्रवास सुरू झाला. माणसे वाढलेली आणि शिधा तेवढाच. तेव्हा उपासमार ठरलेलीच होती.

गलबतावरचे नावाडी हवाई बेटांतले होते. त्यांच्यापैकी एकाजवळ सुरेख बासरी होती. रोज सायंकाळी तो तिच्यावर एक साधेसे भजन मोठ्या अभिमानाने वाजवी. वाचलेल्या खलाशांत विशीच्या आतबाहेरचा एक आयरिश पोरगा होता. त्याने एके दिवशी ती बासरी मागून घेतली आणि आपल्या गावाकडच्या चाली वाजविल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. परंतु त्या दिवसापासून तो हवाईयन नावाडी आपल्या वाट्याच्या ‘पोई’तला, म्हणजे कंदाच्या पिठल्यातला, आणि डब्यातल्या मासळीतला वाटा या पोराला देऊ लागला. होनोलुलूला उतरल्यावर बहुतेक साऱ्यांना इस्पितळात न्यावे लागले. धडधाकट असे तिघेच निघाले, आणि त्यांत हा एक होता.

या पोराचे नाव फ्रान्सिस ओनील. पुढे १९०१ ते १९०५ या काळात हाच शिकागो शहराचा पोलीसप्रमुख, आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर कोतवाल, झाला. तथापि आज आयर्लंडात त्यांचे नाव निघते ते त्या अधिकारामुळे नव्हे.

ओनील जन्मले १८४८ मध्ये, कॉर्क परगण्यात बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेन या खेड्यात. ते साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला होता, आणि गोरगरिबांचे सारे पोट त्या एका कंदावर होते. पुढच्या सहासात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. शेवटचा घाव बसला तो दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या खेड्यांवर, जेथे जुनी भाषा व जुनी गाणी टिकून होती. गाणारा मेला की त्याच्याबरोबर गाणे जाते. आणि जो जहाजात बसला त्याचे गाणे बोस्टनच्या गोदीत नाही तर शिकागोच्या कत्तलखान्याच्या आसपास कुठेतरी राहते.

ओनील यांची आई गाणारी होती आणि तिच्या माहेरी फिरत्या वादकांना दार सदैव उघडे असे. शेजारच्या एका शेतकऱ्याने मुलाला बासरी शिकविली. शाळेत तो हुशार होता. शिक्षकाची जागा मिळायची ती थोडक्यात हुकली, आणि मास्तर व्हायचा तो खलाशी झाला. (आम्हा शिक्षकांना हे ऐकून हळहळ वाटते खरी, पण आयरिश संगीताचे त्यात भलेच झाले.) जहाजाच्या त्या अपघातानंतर कॅलिफोर्नियात मेंढ्या राखून झाल्या, मिसुरी राज्यात एक हिवाळाभर शाळाही चालवून झाली. त्या भागात आयरिश शेतकऱ्यांची वस्ती होती; दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी नाच असे, आणि मास्तर दिवसा मुलांना शिकवून रात्री त्यांच्या बापांकडून चाली शिकत. १८७३ मध्ये ते शिकागोच्या पोलिसात दाखल झाले. थोड्याच दिवसांत एका चोराने झाडलेली गोळी त्यांच्या पाठीच्या कण्याजवळ रुतली. ती जन्मभर तेथेच राहिली.

शिकागो हे त्या वेळी एक अजब संग्रहालय होते. आयर्लंडात केरी परगण्यातल्या वादकाला डोनेगॉलच्या वादकाची गाठ क्वचितच पडे. शिकागोत ते एकाच गल्लीत राहत. पोलीस खात्यात तर आयरिश माणसांचा भरणाच होता. ओनील यांनी याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. चांगला वादक आढळला की त्याला खात्यात चिकटविण्याची खटपट ते करीत, असे सांगतात. आणि ते काही अगदी निराधार नाही, कारण त्यांच्या भोवतीच्या वादकांत पोलीस शिपाई पुष्कळ होते. शासनव्यवहाराच्या दृष्टीने हे कितपत योग्य, याचा निवाडा मी करीत बसत नाही.

अडचण एकच होती. ओनील यांना शेकडो चाली तोंडपाठ, पण त्या स्वरलिपीत उतरविणे त्यांना साधत नसे. येथे त्यांना भेटला जेम्स ओनील, नात्यातला नव्हे, केवळ आडनावबंधू, उत्तरेकडच्या डाऊन परगण्यातला, व्हायोलिन वाजविणारा आणि खात्यातलाच. फ्रान्सिस गुणगुणत किंवा बासरीवर वाजवीत, जेम्स लिहून घेई, मग तोच उलट वाजवून दाखवी आणि चुका दुरुस्त होत. काही वादक आपली ठेवणीतली चाल दुसऱ्यासमोर वाजवायलाच तयार नसत. आपल्याकडच्या घराण्यांतल्या उस्तादांच्या चिजांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

अशा रीतीने १९०३ मध्ये १८५० चालींचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ६२५ गीतांच्या चाली, अठराव्या शतकातला अंध वीणावादक कॅरोलन याच्या ७५ रचना, आणि बाकी बहुतेक नाचाच्या चाली. १९०७ मध्ये केवळ नाचाच्या १००१ चालींचे दुसरे पुस्तक निघाले. खेड्यापाड्यांतल्या वादकांत ते इतके रुळले की नुसते ‘पुस्तक’ म्हटले की हेच समजावे.

या चालींची घडण थोडक्यात सांगतो. ‘जिग’ सहाच्या हिशेबाने चालते, आपल्या दादऱ्याच्या अंगाने. ‘रील’ चाराच्या, म्हणजे केरव्याजवळची, पण पुष्कळ वेगवान. प्रत्येक चालीला बहुधा दोन भाग, अस्ताई-अंतऱ्यासारखे. दुसरा भाग वरच्या स्वरांत चढतो, आणि दोन्ही भाग दोनदोनदा वाजतात. वाद्यांपैकी ‘इलन पाइप्स’ हे खास आयरिश. लष्करी बँडमध्ये आपण पाहतो ती स्कॉटिश मशकबाजा तोंडाने फुंकतात. हिला हवा देतो तो काखेतला भाता, कोपराने दाबलेला. ‘इलन’चा अर्थच कोपराचा असा आहे. दोनतीन नळ्या तंबोऱ्याप्रमाणे एकच स्वर धरून राहतात.

मी लहानपणी चर्चच्या गायनमास्तरांकडे व्हायोलिन शिकलो, त्यामुळे पाश्चात्य स्वरलिपी मला वाचता येते. पुढे ओनील यांचे पुस्तक हाती आले तेव्हा मोठ्या उत्साहाने एक रील वाजवून पाहिली. स्वर सारे बरोबर होते, पण गाणे मेलेले! मग एका आयरिश वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि चूक उमगली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जी बारीक ठेच द्यायची, लांब स्वराभोवती जी गिरकी घ्यायची, ती कागदावर जवळपास नाहीच. आपली मुरकी कुणी कागदावरून शिकले आहे काय? ओनील यांनी सांगाडा जपला. रक्तमांस वादकाने घालायचे.

आपल्याकडे नेमके हेच काम पंडित विष्णु नारायण भातखंडे करीत होते. तेही पेशाने गवई नव्हते, वकील होते. घराण्यांतल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधल्या, १९१६ मध्ये बडोद्यास संगीत परिषद भरविली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय त्यांच्याच पद्धतीवर उभे राहिले. ‘कागदावरचे गाणे’ म्हणून त्यांनाही टोमणे ऐकावे लागले. भातखंडे आणि ओनील दोघेही १९३६ सालीच निवर्तले.

ओनील यांच्या घरात मात्र फार दुःख होते. त्यांचे मुलगे एकामागून एक गेले. १९०४ मध्ये अठरा वर्षांचा रॉजर्स मेंदूज्वराने वारला. त्यानंतर त्यांच्या पत्नीला घरात वाद्याचा सूर सोसवेना, आणि ज्या घरातून हजारो चाली जगात गेल्या त्या घरात वाजविणे थांबले. ओनील यांनी लिहिणे मात्र सोडले नाही. १९१० आणि १९१३ मध्ये त्यांनी संगीताच्या आठवणी व वादकांची चरित्रे छापली. १९३१ मध्ये आपला ग्रंथसंग्रह त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाला दिला.

मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करण्याचे एडिसनचे यंत्रही त्यांनी वापरले होते. त्यातली काही नळकांडी एका स्नेह्याच्या कुटुंबाकडे मिलवॉकी शहरात विसरून पडली होती. ती या शतकात सापडली आणि आता कोणालाही ऐकता येतात. खरखर पुष्कळ आहे. आयर्लंडातले वादक मात्र कान लावून ऐकतात, कारण पुस्तकात नसलेल्या ठेचा आणि गिरक्या त्या खरखरीतून स्पष्ट ऐकू येतात.